आधी पडायला शिका

पेण-रोह्याच्या मुलांना कबड्डीमुळे मातीवर पडण्याची सवय असते. ज्युडोतलं पडणं मात्र वेगळं. इथे प्रतिस्पर्धी तुम्हाला उचलून पाठीवर आपटतो. म्हणून जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये तोक्योत सुरू केलेल्या या खेळात पहिला धडा पडण्याचाच: उकेमी.

त्यामागचं विज्ञान सरळ आहे. धक्का शरीराच्या मोठ्या भागावर पसरला आणि थांबायला क्षणभर जास्त वेळ मिळाला, की एका जागी बसणारा मार कमी होतो. म्हणून पडताना अख्खा हात मॅटवर आपटायचा. तळहात टेकून पडणं थोपवायला गेलात, तर मनगट, कोपर किंवा खांदा सापडतो.

सगळ्यात महत्त्वाची हनुवटी. ती छातीकडे ओढून धरली की डोक्याचा मागचा भाग आपटत नाही. ‘ओसोतोगारी’ या डावात पाय मागून झाडला जातो आणि खेळाडू थेट मागे कोसळतो. जपानी शाळांमध्ये डोक्याच्या गंभीर दुखापती नवख्या मुलांत जास्त आढळल्या, त्यांत हा डाव वारंवार दिसला. उकेमी पक्की होईपर्यंत तो मुलांवर टाकूच नये, असं मला ठामपणे वाटतं. आणि डोकं आपटल्यावर गरगरलं, मळमळलं, तर सराव त्याच क्षणी थांबवून डॉक्टर गाठावा.