अ‍ॅजाइल कधी वापरायचं? आधी "कुठे?" ते विचारा

माझ्या पीएचडीच्या पहिल्या प्रस्तावात प्रश्न होता: 'अ‍ॅजाइल चांगलं की वॉटरफॉल?' गाइडनी कागद परत केला आणि एवढंच विचारलं, "कुठे?" तुमचा प्रस्ताव असा परत येऊ नये, म्हणून हे लिहितोय.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ जणांनी मिळून अ‍ॅजाइल जाहीरनामा लिहिला. आखलेल्या योजनेपेक्षा बदलाला सामोरं जाण्याला त्यांनी जास्त महत्त्व दिलं. पण योजना नकोच, असं त्यात कुठेही नाही. अनेक जण इथेच चुकतात.

मग निवड कशी करायची? बॅरी बोहम आणि रिचर्ड टर्नर यांनी पाच गोष्टी तपासायला सांगितल्या:

१. टीम केवढी आहे?
२. चूक झाली तर नुकसान किती?
३. गरजा किती वेगाने बदलतात?
४. माणसं किती अनुभवी आहेत?
५. संस्थेत मोकळीक चालते की ठरलेली शिस्त?

खरेदीचं अ‍ॅप घ्या. टीम लहान, गरजा सारख्या बदलणाऱ्या, चूक झाली तर दुरुस्त करता येते. इथे दोन आठवड्यांचे स्प्रिंट मस्त चालतात. आता विमानाचं उड्डाण-नियंत्रण घ्या. तिथे डीओ-१७८सी हे मानक लागू होतं. प्रत्येक गरजेपासून कोड आणि चाचणीपर्यंतचा दुवा कागदोपत्री दाखवावा लागतो. गंमत म्हणजे हे मानक कुठलीही एकच विकासपद्धत सक्तीची करत नाही. म्हणजे टप्प्याटप्प्याने काम करता येतं, पण पुरावे टाळता येत नाहीत. उद्योगात अशी मिश्र पद्धत बरीच दिसते.

आता तुमच्या संशोधनाकडे येऊ. समजा, अ‍ॅजाइल वापरणारे प्रकल्प जास्त यशस्वी दिसले. पण त्या टीम लहान आणि अनुभवी असतील तर? यश पद्धतीचं की माणसांचं, हे सांगता येणार नाही. म्हणून तुलना करताना बाकीचे घटक शक्य तितके सारखे ठेवा.

आणखी एक. कंपनी "आम्ही अ‍ॅजाइल आहोत" म्हणाली की लगेच तशी नोंद करू नका. रोज उभ्याने मीटिंग घेतली म्हणजे अ‍ॅजाइल होत नाही. स्प्रिंटच्या शेवटी चालणारं सॉफ्टवेअर ग्राहकाला दाखवतात का, आणि त्याचं ऐकून पुढच्या कामाचा क्रम बदलतात का, हे विचारा. उत्तर 'नाही' आलं, तर तुम्ही अ‍ॅजाइल मोजत नसून फक्त त्याचं नाव मोजताय.

आज एवढंच करा: तुमचा संशोधन-प्रश्न कागदावर लिहा आणि त्याच्यापुढे "कुठे?" लिहून बघा.