कांडवेल, टायटॅनियम आणि जबड्याचे हाड

सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहण्यासाठी संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९५२ च्या सुमारास स्वीडनमधील लुंड येथे टायटॅनियमचे जे सूक्ष्म उपकरण बसविले, ते प्रयोगाअखेर हाडातून निघेना. आणि अस्थी या धातूला परका मानीत नाही, हे जे ज्ञान त्यातून अनपेक्षितपणे हाती आले, त्याच्याच आधारावर १९६५ साली गॉथेनबर्ग येथे गोस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात पहिली टायटॅनियमची दंतरोपणे झाली. ती २००६ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत टिकली.

१९६० च्याच दशकात काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. के. एन. उडुप आणि त्यांचे सहकारी प्रसाद हे, जिला ग्रंथकार अस्थिसंहार आणि आपल्याकडील लोक कांडवेल किंवा हाडसांधी म्हणतात त्या चौकोनी कांडांच्या वेलीची परीक्षा घेत होते. भग्न अस्थी असलेल्या प्राण्यांना तिचा अर्क देऊन, जुळलेल्या हाडाचे बळ यंत्राने मोजून आणि किरणोत्सर्गी कॅल्शियमचा माग काढून त्यांनी १९६४ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत सांधा लवकर भरतो असा निर्वाळा होता. परंपरेवर नुसती श्रद्धा न ठेवता तिला मोजमापाच्या कसोटीस लावण्याचे हे धैर्य मला फार मोलाचे वाटते. दंतरोपणाच्या दप्तरात मात्र या निष्कर्षांची दखल कित्येक वर्षे कोणी घेतली नाही.

वस्तुतः निकड तेथेच होती. ब्रोनेमार्क यांच्या मूळ पद्धतीत हाड रोपणाला धरेपर्यंत खालच्या जबड्यास तीन आणि वरच्यास सहा महिने थांबावे लागे. मधुमेह वा धूम्रपान असल्यास हाड धरण्याची शाश्वती आणखी कमी होई. हाड लवकर वाढावे म्हणून पुढे पपनसाच्या कडवटपणास कारण असलेल्या नारिंजिनाकडे संशोधकांचे लक्ष गेले. हाँगकाँगच्या वाँग आणि राबी यांनी २००६ साली ते कोलॅजेनात मिसळून सशाच्या कवटीतील छिद्रांत भरले, तेव्हा नुसत्या कोलॅजेनापेक्षा अधिक नवे हाड तयार झाले. याच हेतूने पाहिल्या जाणाऱ्या, हळदीतील कर्क्युमिनाची अडचण अशी : ते पाण्यात जेमतेम विरघळते आणि पोटात घेतल्यास यकृत त्याचा चटकन निकाल लावते, म्हणून ते रोपणाच्या पृष्ठभागावरूनच सावकाश पाझरावे अशी योजना करावी लागते.

प्राण्यांतील या यशाला रुग्णांवरील मोठ्या, दीर्घ चाचण्यांचा दाखला अद्याप मिळालेला नाही. शिवाय कांडवेलीतील द्रव्यांचे प्रमाण ऋतू, माती आणि काढणीनुसार बदलते, तेव्हा अर्काची मात्रा मुक्रर करण्याचे काम दंतवैद्याइतकेच वनस्पतिशास्त्रज्ञाकडेही जाते.