गिटारची काळी पट्टी

टेंभुर्णीचे झाड आपल्याला नवे नाही. तिची पाने विडीला जातात, फळे पोरे खातात. पण जुन्या टेंभुर्णीच्या पोटात काळे लाकूड असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तिच्याच कुळातील आफ्रिकेतले झाड म्हणजे एबनी. गिटारच्या दांडीवर जी काळी पट्टी असते, जिच्यावर पडदे बसवतात आणि बोटांनी तारा दाबतात, ती परंपरेने याच लाकडाची. लाकूड इतके घट्ट की पाण्यात बुडते. तारांनी सहसा झिजत नाही.

आता अडचण पाहा. काळा असतो तो फक्त गाभा, आणि पुष्कळ झाडांत तोही निखळ काळा नसतो. तपकिरी रेघा निघतात. झाड पाडल्याखेरीज हे कळावे कसे? २०११ साली बॉब टेलर या अमेरिकन गिटार-उत्पादकाने एका स्पॅनिश कंपनीच्या भागीदारीत कॅमेरूनमधील एबनीची गिरणी घेतली. तेव्हा त्यांना कळले, की दहा झाडे पाडावीत तेव्हा एक काळे निघे, अन् बाकीची नऊ रानातच टाकून देत! रेघांच्या लाकडाला गिऱ्हाईकच नव्हते. टेलरनी त्यालाही काळ्याइतकाच भाव द्यायचे ठरवले. वाजवायला दोन्ही सारखीच, असे ते सांगतात. माझ्या मते एबनीला पहिला पर्याय हाच.

दुसरेही आहेत. कागदाचे थर राळेत भिजवून, तापवून, दाबून केलेली काळी पट्टी काही मोठे कारखाने वापरतात. ती दमट हवेत फारशी फुगत नाही. राळ मात्र रासायनिक. स्वित्झर्लंडमध्ये मेपलसारखी लाकडे दाबून घट्ट करतात. आपली शिसव पूर्वीपासून चालते, पण तिच्या व्यापारावरही आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. हाताने गिटार घडविणाऱ्याला यातले काहीही चालेल हो, गिऱ्हाईक काळ्या रंगासाठी अडून बसले नाही तर.

कॅमेरूनमध्ये २०१६ पासून टेलर आणि संशोधकांच्या साह्याने गावकरी एबनीची रोपे लावीत आहेत, जोडीला फळझाडेही. ही एबनी कापण्याजोगी होईल ती नातवंडांच्या काळात. रानात हे काम हत्ती करतात. ते फळ खातात, बी शेणातून दूरवर पडते, आणि शेणामुळे उंदरा-घुशींपासून वाचते. हस्तिदंतासाठी जिथे हत्ती मारले गेले, तिथे एबनीची कोवळी रोपे फार कमी आढळली, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते.