महाराष्ट्रात अणू, गुजरातेत परमाणु : नवापूरच्या बाकड्यावर विज्ञानाचा शब्द कसा बदलतो?

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर रेल्वे स्टेशनवरच्या बाकड्याचा फोटो तुमच्या टाइमलाइनवर कधी ना कधी येऊन गेला असेल. अर्ध्या बाकड्यावर महाराष्ट्र लिहिलंय, अर्ध्यावर गुजरात. सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशनच दोन राज्यांत वाटलं गेलंय. साधारण 800 मीटरपैकी 500 मीटर गुजरातेत आणि 300 मीटर महाराष्ट्रात. तिकीट खिडकी इकडे, स्टेशन मास्तरांचं ऑफिस तिकडे. घोषणा होतात त्या मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. आता समजा, या बाकड्यावर शाळेतली दोन मुलं बसली आहेत. एक मराठी माध्यमाचं, एक गुजराती माध्यमाचं. दोघांना एकच प्रश्न विचारला, "ऑक्सिजनच्या अणूचं वस्तुमान किती?"

मराठी माध्यमाचं मूल सांगेल 16. गुजराती माध्यमाचं सांगेल 32.

आणि दोघांचंही उत्तर बरोबर आहे.

हे कसं काय?

मराठीत आपण पदार्थाच्या सगळ्यात लहान कणाला अणू म्हणतो आणि दोन किंवा जास्त अणू एकमेकांना बांधले गेले की तयार होतो तो रेणू. बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकातला 'अणूचे अंतरंग' हा धडा याच अणूबद्दल आहे.

हिंदीत आणि गुजरातीत मात्र सगळ्यात लहान कणाला परमाणु म्हणतात. आणि परमाणू जोडून जे तयार होतं, म्हणजे आपला रेणू, त्याला म्हणतात अणु. एनसीईआरटीच्या हिंदी पुस्तकात नववीला 'परमाणु एवं अणु' नावाचा धडा आहे. मराठी वाचकाला ते 'अणू आणि अणू' असंच काहीतरी वाटेल, पण त्याचा अर्थ आहे 'अणू आणि रेणू'.

म्हणजे अणू हा शब्द दोन्हीकडे आहे, उच्चारही तोच आहे, फक्त अर्थ एक पायरी सरकलाय. हवेतला ऑक्सिजन दोन-दोन अणूंच्या जोडीने फिरतो. एकट्याचं वस्तुमान 16, जोडीचं 32. बाकड्यावरचं एक मूल एकट्याबद्दल बोलत होतं, दुसरं जोडीबद्दल.

शब्द वेगळा असेल तर पोरं गोंधळत नाहीत, विचारतात तरी. मराठीत मूलद्रव्य, हिंदीत तत्व. मराठीत संयुग, हिंदीत यौगिक. हे शब्द ऐकले की हा आपला नाही, हे लगेच कळतं. घोळ होतो तो ओळखीच्या शब्दाने. ओळखीचा शब्द ऐकला की कुणी अर्थ विचारतच नाही.

असाच दुसरा शब्द आहे क्षार. मराठीत आम्ल आणि आम्लारी यांची अभिक्रिया झाली की क्षार आणि पाणी मिळतं. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त आहेत, जमीन क्षारपड झाली, हे तापीकाठच्या शेतकऱ्याच्या घरात रोजचं बोलणं. हिंदीत याला लवण म्हणतात, आणि हिंदीतला क्षार म्हणजे आपल्या आम्लारीच्या कुळातला पदार्थ. मराठीत जे अभिक्रियेतून बाहेर पडतं, त्याच नावाचं काहीतरी हिंदीत अभिक्रियेत आत जातं. आवर्तसारणीच्या पहिल्या गणातल्या सोडियम, पोटॅशिअमला आपण अल्क धातू म्हणतो, हिंदीत तेच क्षार धातु.

नंदुरबारलाच याचं काय एवढं?

1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा गुजरात आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांना लागून आहे. 2011 च्या जनगणनेनुसार इथली सुमारे 69 टक्के लोकसंख्या आदिवासी आहे आणि साक्षरता सुमारे 64 टक्के, राज्यात सगळ्यात कमी. घरात बोलली जाते ती भिली, पावरी, मावची, कोकणी, कुठे अहिराणी, कुठे गुजरी. शाळेत आल्यावर मराठी. म्हणजे धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या एखाद्या आश्रमशाळेतल्या पोराने अणू हा शब्द पहिल्यांदा ऐकला, तेव्हा तो त्याच्यासाठी आधीच परक्या भाषेतला परका शब्द असतो.

त्यात मोबाईल. धडा कळला नाही की यूट्यूब उघडायचं, आणि तिथे विज्ञानाचं फुकट सापडणारं साहित्य बरंचसं हिंदीत. व्हिडिओतले सर चांगलं शिकवतात, फळ्यावर चित्रं काढतात, आणि म्हणतात, "पानी का एक अणु." मराठी पुस्तक शिकलेलं पोर वहीत लिहितं, पाण्याचा अणू. आता पाण्याचा अणू नावाची गोष्टच नसते. पाण्याचा रेणू असतो, त्यात हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक.

आठवीला ही चूक छोटी दिसते. नववीला 'द्रव्याचे मोजमाप' हा धडा आला की तीच चूक गणितात शिरते. अणुवस्तुमान विचारलंय की रेणुवस्तुमान, यावर उत्तर थेट दुप्पट किंवा निम्मं होतं. आणि मग पोर म्हणतं, मला केमिस्ट्री जमत नाही. खरं तर त्याचं केमिस्ट्रीत काही चुकलेलं नसतं.

मुळात हा फरक पडला कसा, हे पाहायचं तर कणादांच्या वैशेषिक दर्शनापर्यंत मागे जावं लागतं. तिथे अविभाज्य कणाला परमाणू म्हटलंय. दोन परमाणूंचं द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक. कवडशात उडताना दिसणारा धुळीचा कण म्हणजे त्रसरेणू. हिंदी-गुजरातीने यातून परमाणु उचलला. मराठीने अणू घेतला आणि मोठ्या कणासाठी रेणू, म्हणजे मुळात धूळ. दोघांनीही एकाच पेटीतून शब्द काढले, फक्त वेगळ्या कप्प्यातून. पुढे 1960 साली महाराष्ट्राचं भाषा संचालनालय झालं, 1961 साली केंद्राचा वैज्ञानिक शब्दावली आयोग झाला, आणि परिभाषेची कामं आपापल्या वाटेने चालत राहिली.

मग शिकवायचं कसं?

शब्द बदलून टाका हा उपाय नाही. आता कुणी बदलणारही नाही. पण चिन्हं सीमेवर बदलत नाहीत. फळ्यावर एक गोळा काढून त्याखाली 'ओ' हे इंग्रजी अक्षर लिहायचं. शेजारी दोन चिकटलेले गोळे काढून 'ओ-टू'. मग पहिल्याखाली लिहायचं, मराठीत अणू, हिंदीत परमाणु. दुसऱ्याखाली, मराठीत रेणू, हिंदीत अणु. पाच मिनिटांचं काम आहे. एरवी 'हिंदी व्हिडिओ बघू नका' असं सांगून काही उपयोग नसतो, पोरं बघणारच.

समजावून सांगणं पावरीत किंवा भिलीत झालं तर उत्तमच. अणूसाठी पावरी शब्द शोधत बसायची गरज नाही. दोन गोळे चिकटले की काय होतं, हे घरच्या भाषेत कळलं की पुस्तकातला शब्द त्याला लावता येतो.

अणू किती लहान, हे सांगायलाही प्रयोगशाळा लागत नाही. पट्टीवरच्या एका मिलिमीटरमध्ये हायड्रोजनचे साधारण 1 कोटी अणू ओळीने बसतील. आणि त्या अणूच्या आत? केंद्रक अणूच्या साधारण एक लाखांश. केंद्रक म्हणजे 4 मिलिमीटरचा ज्वारीचा दाणा धरला, तर अख्खा अणू 400 मीटर रुंद होईल. म्हणजे नवापूर स्टेशनच्या निम्म्या लांबीएवढा. मध्ये एक दाणा आणि बाकी जवळपास सगळी मोकळी जागा. रदरफोर्डने 1911 साली जे सांगितलं, ते थोडक्यात एवढंच.

आवर्तसारणी खताच्या गोणीवर

आवर्तसारणी 2023 मध्ये बातम्यांत आली होती. एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून तो धडा काढला, अकरावीत आहेच असं सांगितलं, आणि देशभरातल्या शास्त्रज्ञांनी नाराजी कळवली. मुद्दा साधा होता. अकरावीला विज्ञान न घेणाऱ्याला ती कधीच भेटणार नाही. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जिथे दहावीनंतर शिक्षण सुटणं नवीन नाही, हा मुद्दा जास्तच लागू पडतो. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात मात्र 'मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण' हा दुसराच धडा आहे.

पण दहावीपर्यंत थांबायचं कशाला? शहादा-तळोद्याकडे ऊस, केळी, पपई करणाऱ्या घरातल्या सातवीच्या पोराला तीन मूलद्रव्यं आधीच पाठ असतात. नत्र, स्फुरद, पालाश. गोणीवर 10:26:26 लिहिलेलं असतं, ते याच क्रमाने. अडचण एवढीच की पुस्तकात यांची नावं नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशिअम आहेत आणि हे तेच आहेत असं कुणी सांगत नाही. (गोणीवरचे दुसरे-तिसरे आकडे शुद्ध स्फुरद-पालाशचे नसून त्यांच्या ऑक्साइडच्या हिशोबाने असतात. पण ते नंतर.)

मग घरातल्या भांड्यांकडे जायचं. तांबं सारणीत सापडतं. लोखंड, जस्त, कथील, शिसं, सगळं सापडतं. आजीच्या अंगावरच्या दागिन्यांतली चांदीही सापडते. पितळ सापडत नाही. कितीही शोधलं तरी नाही, कारण ते तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. स्टीलही नाही. मूलद्रव्य म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा हा न सापडलेला तांब्या जास्त नीट सांगतो.

चिन्हांची धास्ती मात्र खरी असते. सोडियमला 'एन-ए' का, लोखंडाला 'एफ-ई' का? मराठी माध्यमाच्या पोरांना वाटतं आपलं इंग्रजी कच्चं म्हणून कळत नाही. इंग्रजी माध्यमवाल्यांनाही ते कळत नाही, कारण ही इंग्रजी नावंच नाहीत. नॅट्रियम, फेरम ही लॅटिन नावं आहेत. शिशाचं 'पी-बी' आलंय प्लंबमवरून, आणि त्याच शब्दावरून नळ दुरुस्त करणारा प्लंबर, कारण पूर्वी पाण्याच्या नळ्या शिशाच्या असायच्या. पालाशचा 'के' कॅलियमचा. त्याचं मूळ अरबीत, वनस्पतींच्या राखेला असलेल्या नावात. आपल्या अल्क धातूंमधला अल्क त्याच कुळातला. आणि पोटॅश म्हणजे शब्दशः भांड्यातली राख. लाकडाची राख पाण्यात भिजवून, ते पाणी आटवून ते काढलं जायचं.

आता सारणीत 118 मूलद्रव्यं आहेत. 1869 साली मेंडेलीव्हने ती मांडली तेव्हा माहीत होती 63. त्याने सारणीत जागा मोकळ्या सोडल्या आणि तिथे काय येणार हेही सांगून ठेवलं. ॲल्युमिनिअमच्या खालच्या मोकळ्या जागेतलं मूलद्रव्य 1875 साली सापडलं. ते गॅलियम. साधारण 30 अंशांना वितळतं, म्हणजे नंदुरबारच्या मे महिन्यात ते कपाटात ठेवल्या ठेवल्या पाण्यासारखं होईल. सिलिकॉनच्या खालचं 1886 साली सापडलं, जर्मेनियम. मेंडेलीव्हने त्याचं अणुवस्तुमान 72 सांगितलं होतं, आज ते 72.6 मानलं जातं.

सापडण्याआधी या मूलद्रव्यांना नावं काय द्यायची, हा प्रश्न या रशियन माणसाने संस्कृतकडून सोडवून घेतला. ॲल्युमिनिअमनंतरची पहिली जागा म्हणून एका-ॲल्युमिनिअम, सिलिकॉननंतरची पहिली म्हणून एका-सिलिकॉन. यातला 'एक' मराठीत, हिंदीत आणि गुजरातीत एकच आहे.