चामडं सर्वांत शेवटी जातं

लेदरचा सोफा घ्यायला गेलं की बोलणं रंगापासून सुरू होतं, तपकिरी की काळा. पण पंधरा-वीस वर्षांनी तो सोफा कसा दिसेल याचा बराचसा निकाल दुकानात येण्याआधीच लागलेला असतो. कातडीचा कोणता थर घेतला, ती कशात कमावली आणि वरून कशाचा लेप दिला, यावर तो ठरतो. उरलेलं घरातली हवा आणि बसणारी माणसं ठरवतात.

कातडीचा वरचा, केसांलगतचा थर सर्वांत मोलाचा. तिथे कोलॅजनचे तंतू बारीक आणि दाट गुंतलेले असतात. खाली जावं तसे ते जाड आणि मोकळे होत जातात. वरचा थर न घासता राखला तर ते फुल-ग्रेन. त्यावर गोचिडाच्या, काट्यांच्या, जुन्या जखमांच्या खुणा राहतात. पुष्कळ गिऱ्हाइकं त्यांना दोष समजतात. मला मात्र त्या खुणा अस्सलपणाची ग्वाही वाटतात. खुणा घासून, जाड रंग देऊन यंत्राने नवा दाणा छापला की ते करेक्टेड ग्रेन. खालचा थर चिरून वेगळा काढला की स्प्लिट. आणि चामड्याचा भुगा डिंकासारख्या द्रव्याने सांधून कापडावर बसवला, वर पॉलियुरेथेनचा पापुद्रा दिला, की बॉन्डेड लेदर. विकताना या चारही मालांना नुसतं ‘लेदर’ म्हटलं जातं, म्हणून कोणता थर आहे हे गिऱ्हाइकानेच विचारायला हवं.

मुंबईत, कोकणात, गोव्यात ज्या सोफ्यांचे पोपडे निघतात ते बहुधा बॉन्डेड किंवा कृत्रिम लेदरचे असतात. पॉलियुरेथेनच्या काही प्रकारांतले रासायनिक बंध हवेतल्या ओलाव्यानेच तुटत जातात. सोफ्यावर कोणी बसो न बसो, हे थांबत नाही. मग पापुद्रा सुटून कपड्यांना चिकटतो आणि खालचं कापड उघडं पडतं. ‘लेदर आपल्या हवेत टिकत नाही’ हा समज मोठ्या प्रमाणावर अशा सोफ्यांमुळे पसरला आहे, आणि तो खऱ्या चामड्यावर अन्याय आहे.

आता कमावण्याकडे येऊ. कोल्हापुरी वहाणांसाठी जुन्या पद्धतीत कातडं चुन्यातून काढून बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवतात; कातड्याचीच पिशवी शिवून, तीत हे पाणी भरून ती टांगून ठेवतात. महाराष्ट्रात ही विद्या ढोर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आणि तिच्याच कारणाने अस्पृश्यता सोसली. चामड्याच्या टिकाऊपणाचं कौतुक करताना हे सांगितलंच पाहिजे. १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याचं पेटंट घेतलं आणि पुढे आठवड्यांचं, महिन्यांचं काम काही दिवसांवर आलं. आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमचं असतं, सोफ्यांचंही. ते मऊ, लवचीक आणि उष्णता सोसणारं. सालीत कमावलेलं चामडं भरीव आणि ताठ. ओलं असताना साधारण ७५ ते ८५ अंश सेल्सिअसलाच आक्रसतं.

दोघांचं म्हातारपणही वेगळं. क्रोमच्या चामड्याचा मूळ रंग उजेडात फारसा बदलत नाही. त्यावर दिलेला रंग झिजतो किंवा उडतो, एवढंच. सालीतलं चामडं मात्र उजेडाने गडद होत जातं, आणि जिथे हात टेकतो तिथे त्याला तकाकी चढते. हे पाहायचं तर डॅनिश सुतारकामाच्या परंपरेतल्या बोर्गे मोगेनसेन यांची १९५८ची ‘स्पॅनिश चेअर’ पाहावी. ओकच्या चौकटीवर खोगिराचं जाड चामडं ताणून बसवलेलं, आणि त्याला बक्कल. बसून बसून चामडं सैल पडणार हे गृहीत धरून, ते पुन्हा आवळता यावं म्हणून ती बक्कलं आहेत. वस्तू म्हातारी होणार हे मान्य करून केलेली इतकी प्रामाणिक रचना मला दुसरी आठवत नाही.

सालीतल्या चामड्याचे शत्रूही आहेत. पहिला लोखंड. ओलसर हवेत लोखंडी चुकेचा गंज सालीतून आलेल्या टॅनिनला भिडला की शाईसारखा काळा डाग पडतो. म्हणून जुन्या खुर्च्यांना पितळी फुल्या शोभतातही आणि उपयोगाच्याही ठरतात. दुसरा शत्रू गंधकाचा धूर. लंडनच्या अथेनियम क्लबच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या बांधण्या आणि खुर्च्यांचं चामडं लवकर कुजू लागलं, तेव्हा १८४०च्या दशकात मायकेल फॅराडे यांनी गॅसच्या दिव्यांतून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूवर बोट ठेवलं. असं चामडं तांबूस भुकटी होऊन झडतं, आणि एकदा झडू लागलं की पूर्ववत होत नाही.

आपल्या घरांतला मोठा शत्रू त्याहून साधा आहे, डोक्याचं तेल. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये पुरुष केसांना मकासर तेल चोपडत, म्हणून खुर्चीच्या पाठीवर धुता येण्याजोगं कापड टाकायची रीत पडली. खोबरेल लावणाऱ्या घरात ती रीत अजूनही शहाणपणाची आहे. डोकं टेकतं आणि हात विसावतात त्या जागी तेल व घामाने वरचा लेप मऊ होतो, आणि सोफा सर्वांत आधी तिथेच खराब होतो. लेप किती आहे हे आतल्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवून कळतं. थेंब मुरून डाग गडद झाला तर चामडं जवळजवळ उघडं आहे, म्हणजे ॲनिलिन. ते देखणं म्हातारं होतं, पण डागही पटकन धरतं. थेंब तसाच राहिला तर वर रंगाचा थर आहे. लहान मुलांच्या घरात मी हेच सुचवेन.

तेल पाजून चामडं ‘जिवंत’ ठेवायचा हट्ट सोडावा. विसाव्या शतकात संग्रहालयांतही लॅनोलिन आणि मेणाची मलमं सर्रास चोळली जात. पुढे संवर्धकांनी ती प्रथा बरीचशी सोडली, कारण जादा तेल चामडं काळवंडवतं आणि धूळ धरतं. पावसाळ्यात बुरशी आली तर कोरड्या मऊ ब्रशने ती घराबाहेर झटकावी, पंखा लावावा, सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ओढावा. उन्हात टाकू नये. रंग उडतो आणि चामडं कडक होऊन भेगाळतं.

इतकं सांभाळल्यावर चांगल्या सोफ्यात आधी फोम बसतो. मग गादीखालचे पट्टे सैल होतात, मग शिलाईचा दोरा जातो. चामडं सर्वांत शेवटी. म्हणून घेताना गादीला चेन आहे का, खालचं कापड उघडून आत हात घालता येतो का, हे विचारावं. नाहीतर सुस्थितीतलं चामडं केवळ बसलेल्या फोमपायी भंगारात जातं. आणि पुढे ठिगळ लावायला म्हणून सोफ्याच्याच लॉटमधला चामड्याचा हातभर तुकडा कारखान्याकडून मागून घ्यावा. पुढच्या लॉटचा रंग तंतोतंत जुळणं कठीण असतं. तो तुकडा सुती कापडात गुंडाळून ठेवावा, प्लास्टिकच्या पिशवीत नको.