बॅटरीचें आयुष्य आणि आपला उन्हाळा

वैशाखांत नांदेडास गोदाकांठीं पारा ४० अंशांच्या वर चढतो, आणि बालाघाटच्या पठारावरील लातूरही फारसें मागें राहत नाहीं. या उन्हाचा ताप माणसांस व गुरांस कसा होतो तें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. परंतु त्याच उन्हांत आपल्या खिशांतील एक लहानशी वस्तु अकालीं वृद्ध होत असते. ती म्हणजे मोबाइलची लिथियम-आयन बॅटरी होय. लातुरास खोली करून शिकणाऱ्या मुलाचा मोबाइल दुसऱ्याच वर्षीं भर दुपारीं मान टाकूं लागला, तर त्याचा भुर्दंड गांवीं शेतावर राबणाऱ्या बापास बसतो.

ही बॅटरी सोनी कंपनीनें १९९१ सालीं प्रथम बाजारांत आणली. तिच्यावरील संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तिच्या पोटांत एक बाजू ग्रॅफाइटची व दुसरी धातूच्या ऑक्साइडची असते. बॅटरी भरतांना लिथियमचे विद्युत्भारित कण ग्रॅफाइटमध्यें शिरून बसतात, वापरतांना परत फिरतात. या येरझारांत ग्रॅफाइटवर एक पातळ पापुद्रा धरतो. तो मुळांत उपकारकच आहे. परंतु तो जाड होत गेला कीं कांहीं लिथियम त्यांत कायमचें अडकून पडतें, आणि तितकी बॅटरीची शक्ति घटते. उष्णतेनें हा पापुद्रा झपाट्यानें वाढतो. त्यांतच बॅटरी कांठोकांठ भरलेली असली, तर आंतील द्रवही लवकर बिघडतो. ४० अंशांच्या उष्णतेंत वर्षभर पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी साधारणतः तिसरा हिस्सा शक्ति गमावते. तीच अर्ध्याहून किंचित् कमी भरून ठेवली, तर तूट जवळजवळ निम्म्यावर येते.

आतां मौज अशी कीं, घरांतील इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी याच्या अगदीं उलट स्वभावाची आहे. ती अर्धवट रिकामी पडून राहिली तर तिच्या पट्ट्यांवर खडे धरतात, म्हणून तिला सदैव भरलेलीच ठेवावी लागते. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीस मधून मधून पूर्ण रिकामी करण्याची चाल होती. वडील मंडळी हे दोन्ही नियम मोबाइलसही लावतात. एकाचें पथ्य दुसऱ्यास कसें मानवावें?

तेव्हां मोबाइल २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राखावा. परगांवीं जावयाचें असेल त्या दिवशीं खुशाल पूर्ण भरावा. रात्रभर उशीखालीं चार्जरला लावून ठेवणें तर अगदींच वाईट, कारण तेथें उष्णता कोंडते. बऱ्याच नव्या मोबाइलांत ८० टक्क्यांवर भरणा थांबविण्याची सोय आहे, ती वापरावी. भरतांना जाड कव्हर काढावें व खेळ खेळूं नयेत, हें विद्यार्थ्यांस विशेष सांगणें! पत्र्याच्या घरांत दुपारीं तो खालीं सावलींत, माठाच्या ओलीपासून दूर ठेवावा; मोटारसायकलच्या दांडीवर उन्हांत टांगूं नये. थंडाव्यासाठीं फ्रिजमध्यें ठेवण्याची युक्तीही चुकीची, कारण बाहेर काढतांच आंत दंव धरतें.

इतकें करूनही बॅटरी फुगलीच, तर ती दाबूं अगर टोंचूं नये, भरूंही नये. तिला आग लागण्याचें भय असतें. ती कचऱ्यांत न टाकतां दुरुस्तीच्या दुकानीं द्यावी. २०२२ च्या नियमांन्वयें अशा जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.