विंचू, मण्यार आणि आपली मज्जासंस्था

खोपोलीच्या वीजगृहातून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. आपल्या शरीरातही वीज धावते, पण तारेतल्यासारखी नव्हे.

मेंदू, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि तिथून निघणाऱ्या नसा मिळून मज्जासंस्था होते. बोलीभाषेत आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो. इथे नस म्हणजे चेतातंतूंची जुडी. तंतूच्या आवरणावर सूक्ष्म दारे असतात. संदेश आला की दार उघडते, सोडियमचे विद्युतभारित कण आत शिरतात आणि दार लगेच मिटते. तेवढ्यात पुढचे दार उघडलेले असते. अशा रीतीने संदेश पुढे सरकतो. सर्वात वेगवान तंतूंत सेकंदाला सुमारे १०० मीटर.

स्नायूपाशी तंतू संपतो. मध्ये बारीकशी फट असते. तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे रसायन फटीत सुटते आणि स्नायू आकुंचन पावतो. पापणी उघडणे, घास गिळणे, श्वास घेणे, सारे असेच घडते.

लाल विंचवाचे विष सोडियमची दारे मिटू देत नाही. नसा सतत संदेश पाठवत राहतात. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही धोक्याची लक्षणे. पुढे हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी साठू शकते. आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर रक्तदाबाचे प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य प्राण वाचवले.

मण्यारीचे विष नेमके उलटे करते. ते तंतूच्या टोकालाच इजा करते. संदेश स्नायूपर्यंत पोहोचतच नाही. ही मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दुखत नाही, दातांच्या खुणाही अनेकदा दिसत नाहीत. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही. रोग्याला सगळे ऐकू येत असते, पण डोळे उघडता येत नाहीत. म्हणून तो ‘गेला’ असे समजू नये. शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात.

सर्पविषावरची लस रक्तात फिरणारे विष निकामी करते. इजा झालेली टोके ती दुरुस्त करत नाही. ती शरीर स्वतः भरून काढते, त्याला काही दिवस लागतात. तोवर व्हेंटिलेटर श्वास चालू ठेवतो. म्हणूनच भगताकडे गेलेला एकेक तास महागात पडतो.

पावसाळ्यात खाटेवर झोपावे, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळू नये. अवयव स्थिर ठेवावा आणि १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे. आणि पहाटे एखाद्याच्या पापण्या जड झाल्या, तर ‘झोप झाली नसेल’ म्हणून सोडून देऊ नये.